एल्बेकाठचे सुळके: कधी जावं?

धुक्यातून वर आलेले हे सुळके जर्मनीच्या सॅक्सन स्वित्झर्लंडमधले. चेक सीमा इथून जवळच. एल्बे नदी खाली आहे, पण ऑक्टोबरच्या सकाळी ती अशी सापडत नाही. रात्री गार झालेली जड हवा दरीत उतरते, नदीचा ओलावा तिच्यातच अडकतो आणि माथे मात्र उन्हात न्हातात. बास्टाई या कड्यावरचा हा दगडी पूल 1851 सालचा. तोही याच खडकाचा.

इथे यायचं तर शरदातच यावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. या खडकाकडे जवळून पाहिलं की का ते कळतं.

नुसता तळवा टेकवला, तरी वाळूचे कण हाताला लागतात. सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेली वाळू दबत गेली आणि हा खडक झाला. तो पाणी पितो. आत मुरलेल्या पाण्यातले क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात, कण सुटे करतात. भिंतीवरची ही मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्यांचंच काम. ओल धरलेल्या खडकाची ताकद बरीच घटते. वरून कोरडा दिसला, तरी आत ओल असते आणि धरलेली कपार हातात येऊ शकते. म्हणून ओल्या खडकावर चढायचं नाही, हा इथल्या प्रस्तरारोहकांचा पक्का नियम. आधारासाठी भेगेत धातूच्या पाचरी बसवणंही चालत नाही. ही बघा, दोरीची गाठ भेगेत कशी बसवली आहे! इतक्या जपणुकीनंतरही बार्बारिन सुळका इतका झिजला, की 1975 पासून त्यावर चढाई बंद आहे.

वसंतात बहिरी ससाण्यांची घरटी असतात, त्यामुळे काही कडे बंद ठेवतात. हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठून फुगतं, लोखंडी शिड्यांवर बर्फ धरतो. उन्हाळ्यात गर्दी, वादळी सरी, नाहीतर वाळलेलं रान. जुलै 2022 मध्ये चेक बाजूला पेटलेल्या वणव्यात 1000 हेक्टरहून अधिक क्षेत्र होरपळलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पिल्लं उडालेली असतात, वादळं ओसरतात, बीच झाडांची पानं पिवळी पडू लागतात. तरीही पाऊस आलाच, तर कड्यांचा हट्ट नको. इथल्याच किर्निच खोऱ्यात 1898 पासून ट्राम धावते. तिच्यातून उतरून जंगलातल्या वाटा धराव्यात आणि खडकाला वाळायला काही दिवस द्यावेत.