दोराने बांधलेले अस्वल

श्रोतेहो, नमस्कार. तुमच्या घरात कपाटावर, पलंगाच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावरच्या एखाद्या पेटीत कापसाने भरलेले एक अस्वल बहुधा असेलच, आणि फार जुने असेल तर त्याचा एक डोळा निखळलेला असेल. त्याला आपण टेडी म्हणतो. शिकारीची नीती आणि शिकारी लोकांपुढे स्वतःला कसे उभे करतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात मी या टेडीपासूनच करणार आहे. कारण हे खेळणे एका शिकारीतून जन्माला आले. मी स्वतः कधी बंदूक खांद्याला लावलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु ज्या माणसाने सावज समोर असताना बंदूक खाली ठेवली, त्याची गोष्ट मला फार आवडते, आणि ती सांगताना मी वेळेचे भान विसरतो अशी या केंद्रावरच्या सहकाऱ्यांची जुनी तक्रार आहे.

गोष्टीआधी एक नियम ध्यानात ठेवावा. शिकारी मंडळींच्या नीतीचा गाभा असा की सावजाला निसटण्याची खरी संधी मिळाली पाहिजे. अमेरिकेत 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन केला. पाण्यात पोहत असलेल्या हरणाला होडीतून मारणे, खोल बर्फात रुतलेल्या जनावराला गाठून मारणे, असे प्रकार या क्लबने सुरुवातीच्या काळातच गैर ठरवले होते. सावजाला निसटण्याची संधी, एवढेच शब्द लक्षात ठेवा, म्हणजे पुढची गोष्ट आपोआप उलगडत जाईल.

वर्ष होते 1902, महिना नोव्हेंबर. रूझवेल्ट तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते, वय अवघे चव्वेचाळीस. मिसिसिपी राज्याच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून ते लिटल सनफ्लॉवर नदीच्या परिसरातल्या दाट, दलदलीच्या जंगलात अस्वलाच्या शिकारीला गेले. त्यांचा वाटाड्या होता होल्ट कॉलियर. हा माणूस गुलामगिरीत जन्मलेला, काळ्या वर्णाचा, आणि त्याने आयुष्यात तीन हजारांवर अस्वले मारली असे सांगितले जात असे. आता आकडा ऐकताच भुवया उंचावतात, आणि शिकाऱ्याने सांगितलेल्या आकड्याबाबत भुवया उंचावण्याची सवय असलेलीच बरी. परंतु त्या जंगलात अस्वलाचा माग काढण्यात कॉलियरचा हात धरणारा कोणी नव्हता, याबद्दल वाद नाही.

कॉलियरने अध्यक्षांना एका ठिकाणी दबा धरून बसवले आणि स्वतः कुत्री घेऊन अस्वल उठवायला गेला. हाका घालून सावज बंदुकीपुढे आणण्याची रीत आपल्याला ऐकून ठाऊक आहे. इथे हाकाऱ्यांची जागा कुत्र्यांनी घेतली होती. अध्यक्ष बसून राहिले. एक तास गेला, आणखी काही तास गेले, कुत्र्यांचा आवाज दूर दूर होत गेला, आणि शेवटी कंटाळून अध्यक्ष तळावर जेवायला निघून गेले. आणि श्रोतेहो, जेवायला उठलेल्या माणसाच्या जागीच नेमके सावज येते, हा अनुभव शिकाऱ्यांनाच येतो असे नाही.

अस्वल कुत्र्यांच्या पाठलागाने दमून एका पाणथळ जागी उभे राहिले. ते म्हातारे होते, वजन सुमारे 235 पौंड, म्हणजे शंभर किलोंपेक्षा थोडे अधिक. कुत्र्यांनी त्याला घेरले, आणि त्याने त्यांपैकी एकाला पकडून मारून टाकले. कॉलियरपुढे मोठा पेच उभा राहिला. गोळी घातली तर अध्यक्षांचे सावज जाते. न घातली तर आणखी कुत्री जातात. त्याने बंदुकीचा दस्ता अस्वलाच्या डोक्यात हाणला, ते गरगरले तसा त्याच्या गळ्यात दोर अडकवला आणि दोराचे दुसरे टोक एका झाडाला बांधले. मग शिंग फुंकून अध्यक्षांना बोलावणे धाडले.

हे दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणा. चिखलाने माखलेले, डोक्याला मार बसलेले, धापा टाकणारे एक जनावर झाडाला बांधलेले आहे, जवळच मेलेले कुत्रे पडले आहे, आणि सभोवतालची माणसे नुकत्याच आलेल्या अध्यक्षांना सांगत आहेत की साहेब, घाला गोळी. तोपर्यंत अध्यक्षांच्या वाट्याला एकही अस्वल आलेले नव्हते. रूझवेल्टांनी पाहिले आणि नकार दिला. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे त्यांच्या नियमात बसत नव्हते. सावजाला निसटण्याची संधी उरलीच नव्हती, आणि मी सुरुवातीला जे शब्द लक्षात ठेवायला सांगितले ते हेच.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. मी थांबत नाही, कारण अस्वल तिथून सुटले नाही. ते इतके जखमी होते की त्याला सोडून देण्यात दया नव्हती; रूझवेल्टांनी त्याचे हाल संपवायला सांगितले, आणि सोबतच्यांनी सुरीने ते काम केले. मग ते घोड्यावर टाकून तळावर नेण्यात आले. नकार खरा होता, सुरीही खरी होती.

लोकांपर्यंत मात्र नकार पोहोचला. 16 नोव्हेंबर 1902 रोजी वॉशिंग्टन पोस्टमध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र आले: पाठ फिरवून हात आडवा करणारे अध्यक्ष, आणि मागे दोराने धरलेले अस्वल. ते चित्र लोकांना इतके भावले की बेरीमन पुढे वर्षानुवर्षे रूझवेल्टांच्या शेजारी अस्वल काढीत राहिले, आणि ते अस्वल उत्तरोत्तर लहान, गोल डोळ्यांचे आणि गोजिरवाणे होत गेले. शंभर किलोंचे म्हातारे जनावर पिल्लू होऊन बसले. ब्रुकलिनमध्ये मिठाईचे दुकान चालवणारे मॉरिस मिचटम आणि त्यांची पत्नी रोझ यांनी कापडाचे अस्वल शिवून ‘टेडीज बेअर’ या नावाने दुकानात मांडले. रूझवेल्टांना टेडी हे संबोधन मुळीच रुचत नसे, पण लोकांनी एकदा लाडके नाव ठेवले की ज्याचे त्याला कोणी विचारत नाही. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ यांच्या कारखान्यातही अस्वले शिवली जाऊ लागली होती, आणि पहिले कोणाचे यावर खेळण्यांचे संग्राहक अजून हिरिरीने भांडतात.

याच रूझवेल्टांनी 1907 मध्ये लुइझियानाच्या जंगलात कॉलियरला सोबत घेऊन पुन्हा शिकार केली आणि अस्वल मिळवले. 1909 मध्ये ते आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाले, आणि तिथे त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून 512 जनावरे मारली. हा आकडा त्यांनी लपवला नाही, प्रसिद्ध केला. त्यांचा हा मोकळेपणा मला त्या व्यंगचित्राहून मोलाचा वाटतो, पण आकड्याचे खेळणे शिवता येत नाही.

बघता बघता निम्मा वेळ गेला. आजच्या शिकाऱ्यांचा प्रश्न तोच आहे, फक्त व्यंगचित्राची जागा छायाचित्राने घेतली आहे. छायाचित्र काढण्यापूर्वी जाणता शिकारी जनावराच्या तोंडावरचे रक्त पुसतो, बाहेर लोंबणारी जीभ आत ढकलतो, जखमेची बाजू जमिनीकडे वळवतो आणि त्याच्या अंगावर पाय देऊन उभे राहण्याऐवजी शेजारी गुडघा टेकतो. याला ते आदर म्हणतात, आणि काही अंशी तो आदर आहेही. परंतु शिंगे मोठी दिसावीत म्हणून जनावराच्या चार-पाच हात मागे बसायचे, याला काय म्हणावे? गोड दिसावे म्हणून बेरीमनने अस्वल लहान केले, भव्य दिसावे म्हणून हे हरीण मोठे करतात. दोन्हीकडे मूळ जनावर चौकटीबाहेरच राहते.

शब्दांचेही तसेच आहे. इंग्रजीत शिकार करणारे पुष्कळ जण हल्ली ‘मारले’ म्हणत नाहीत. ‘हार्वेस्ट केले’ म्हणतात, म्हणजे जणू हरीण म्हणजे शेतातले कणीस होते आणि ते आपसूक पिकले. मला हा शब्द अजिबात मानवत नाही. जर्मन शिकाऱ्यांची स्वतंत्र बोली याहून जुनी आहे: ते रक्ताला घाम म्हणतात, हरणाच्या डोळ्यांना दिवे म्हणतात आणि सशाच्या कानांना चमचे म्हणतात. पण ही बोली त्यांची आपसातली आहे, बाहेरच्यांची समजूत घालण्यासाठी रचलेली नाही. आणि मारलेल्या हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ते हिरवी डहाळी ठेवतात, तेव्हा तिथे मृत्यू झाला आहे हे कोणी नाकारत नाही. शब्द बदलला की कृत्य बदलते असे मानणारे लोक कचेऱ्यांतही भेटतात, माणसांना कामावरून काढताना वापरली जाणारी भाषा ऐकून पाहा. असो, ते भाषण वेगळे होईल.

शिकारीची बाजू मांडणारे पैशाचा मुद्दा काढतात, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर 11 टक्के कर आहे, आणि 1937 च्या कायद्यानुसार ती रक्कम वन्यजीवांच्या संरक्षणासाठी राज्यांना मिळते. पण 2015 मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला, तेव्हा हा हिशेब ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. त्याच्या गळ्यात संशोधकांनी लावलेला पट्टा होता, त्याला बाण लागला होता, आणि तो लगेच मेला नव्हता, कित्येक तासांनी मेला. लोकांना संताप आला तो त्या तासांचा. आणि शिकारीची खरी नीती त्या तासांतच असते, हे शिकारी चांगले जाणतात: नेम अचूक घ्यायचा, खात्री नसेल तर गोळी झाडायचीच नाही, आणि पोटात गोळी लागलेले हरीण पळाले तर घाईने मागे न धावता काही तास थांबून, रक्ताचा माग काढीत, अंधार झाला तरी ते शोधून काढायचे. कंदील घेऊन पानापानावर रक्ताचा थेंब शोधणाऱ्या दमलेल्या माणसाचे छायाचित्र मात्र भिंतीवर लागत नाही.

जाता जाता त्या अस्वलांचे काय झाले ते सांगतो. रूझवेल्टांपुढे बांधलेले अस्वल लुइझियानाच्या काळ्या अस्वलांच्या उपजातीचे होते. ही उपजात इतकी विरळ झाली की 1992 मध्ये तिला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले, आणि संख्या सावरल्यावर 2016 मध्ये ते काढण्यात आले. मिसिसिपीत 2004 पासून एका अभयारण्याला होल्ट कॉलियरचे नाव आहे. आणि 2024 च्या डिसेंबरात लुइझियानाने कित्येक वर्षांनी अस्वलाच्या शिकारीचा हंगाम पुन्हा उघडला, मोजके परवाने देऊन. परवाना मिळालेल्या प्रत्येकाच्या खिशात यावेळी कॅमेरा होता. नमस्कार.