मिग-21ची दोन गावं

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘चीनचं तीन इंजिनांचं नवं लढाऊ विमान’. त्याच्याकडे मी येणारच आहे. पण वाटेत ओझर लागतं, आणि ओझर टाळून मला पुढे जाता येत नाही.

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना रॉकेलसारखा वास यायचा. तिकडे मिगचं इंजिन चालवून बघायला लागले की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी थरथरायची. आई एका हाताने तांब्या धरून ठेवायची आणि म्हणायची, “आज नवीन निघालं वाटतं.” या सभागृहात अशी थरथरती भांडी बघितलेली निदान पन्नास माणसं असतील. हात वर करा बरं. बघा! मग तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

तर, मिग-21 बनवायचा परवाना सोव्हिएत रशियाने चीनला 1961 मध्ये दिला. आपला करार झाला 1962 मध्ये, आणि 1964 मध्ये ओझरचा कारखाना उभा राहू लागला. पुढे रशिया आणि चीनचं बिनसलं. नकाशे अपुरे, शिकवणारे निघून गेलेले. आपल्याला रशियन तंत्रज्ञ हाताशी होते, त्यांना नाही. त्यांनी मिळालेलं विमान सुटं केलं आणि भाग मोजून मोजून स्वतःचं जे-7 बनवलं. ते 1966 मध्ये शेनयांगला उडालं, मग काम गेलं सिचुआन प्रांतातल्या चेंगदूला. म्हणजे आपलं ओझर आणि त्यांचं चेंगदू, दोन्ही मिग-21ची गावं. हे मला कळलं त्या दिवसापासून चिनी विमानांच्या बातम्या मी परक्याच्या म्हणून वाचूच शकलो नाही.

चेंगदूची हवा आपल्यासारखी नाही. चारी बाजूंनी डोंगर, मधे खोलगट प्रदेश, सदा ढग आणि धुकं. तिकडची जुनी म्हण आहे की सिचुआनची कुत्री सूर्य दिसला की भुंकतात. तिथे 1970 मध्ये शेनयांगहून माणसं आणून विमानांचं संशोधन केंद्र काढलं. त्यांच्यात एक गृहस्थ होते, सोंग वेनत्सोंग. हसू नका, सोंग हे तिथलं साधं आडनाव आहे, आणि या माणसाने आयुष्यात कसलंही सोंग घेतलं नाही. कोरियाच्या युद्धात ते विमानांचे मेकॅनिक होते. नंतर शिकले, अभिकल्पक झाले. चेंगदूला त्यांच्या हातात आलं जे-9. त्रिकोणी पंख आणि पुढे नाकाशी छोटे पंख, ज्यांना कॅनार्ड म्हणतात. कित्येक वर्षं कागद रंगवले, पवनबोगद्यात प्रतिकृती तपासल्या, आणि 1980 मध्ये प्रकल्प बंद. एकही विमान उडालं नाही.

इथे थोडं थांबतो, कारण माझं सगळं म्हणणं या जागी आहे. प्रकल्प बंद झाला, पण माणसं घरी गेली नाहीत. त्याच आवारात, त्याच टेबलांवर बसून राहिली. 1986 मध्ये सोंग जे-10चे मुख्य अभिकल्पक झाले तेव्हा ते 56 वर्षांचे होते. आणि जे-10 बघा: त्रिकोणी पंख, पुढे कॅनार्ड. न उडालेलं जे-9 त्याच्या पोटात आहे.

जे-10 हे झटकन वळावं म्हणून मुद्दाम अस्थिर बनवलेलं विमान. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरून चालायचो ना, तसं. हात सतत हलता ठेवला तरच काठी उभी. इथे तो हात म्हणजे संगणक, तोही चौपदरी, एक बिघडला तर बाकीच्यांनी सांभाळायचं. ते काम केलं यांग वेई नावाच्या तरुण अभियंत्याने. हे नाव लक्षात ठेवा. 23 मार्च 1998 रोजी लेई छ्यांग या चाचणी वैमानिकाने जे-10 पहिल्यांदा उडवलं. सोंग तेव्हा नुकतेच 68 वर्षांचे होत होते. त्यांचा जन्म 26 मार्चचा. त्यांनी वाढदिवस बदलला. तेव्हापासून 23 मार्च हाच आपला जन्मदिवस मानला. आणि 2016 मध्ये ते गेले, तारीख 22 मार्च. मी हे बऱ्याच ठिकाणी सांगितलंय, दर वेळी घसा दाटतो.

आता आपल्याकडे या. कुर्ट टँक या जर्मन अभिकल्पकाच्या हाताखाली आपल्या माणसांनी बंगळूरला मारुत हे लढाऊ विमान बनवलं. 17 जून 1961 रोजी ते उडालं. साजेसं इंजिन त्याला कधी मिळालं नाही, तरी 147 विमानं बनली. आणि त्यानंतरचं आपलं स्वतःचं लढाऊ विमान, तेजस, उडालं 4 जानेवारी 2001 रोजी. मधे किती वर्षं? साडेएकोणचाळीस! मारुतवर हात बसलेले किती जण तेजसच्या वेळी त्या टेबलावर होते? निवृत्त झाले, पांगले. ज्ञान फायलीत राहतं असं आपण समजतो. ते हातात राहतं हो, आणि हात म्हातारे होतात. ओझरला परवान्यावर आपण उत्तम विमानं बनवली, माझे वडील बनवत होते, पण पुढचं काय या प्रश्नाचं काम त्या हातांना कुणी दिलं नाही. याचं मला मनापासून दुःख आहे. म्हणून कुणी ‘चायना माल’ म्हणून हसलं की मला राग येतो, कारण त्या हसण्यात आपण आपलंच काही बघायचं टाळतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, पळतो.

यांग वेई पुढे जे-20चे, म्हणजे रडारला कमी दिसणाऱ्या चिनी लढाऊ विमानाचे, मुख्य अभिकल्पक झाले. पाकिस्तानकडचं जेएफ-17 सुद्धा त्यांच्याच हाताखालचं, तेही 2003 मध्ये चेंगदूलाच उडालं. जे-20 उडालं 11 जानेवारी 2011 रोजी, सुमारे 18 मिनिटं, चाकं खालीच ठेवून. पहिल्या उड्डाणात चाकं सहसा आत घेत नाहीत, आत गेलेली बाहेर आली नाहीत तर काय करणार? पहिलं उड्डाण म्हणजे बारसं असतं, खरं वाढवणं पुढे. पहिल्या नमुन्यावर आकडा होता 2001. तीन वर्षांनी 2011 क्रमांकाचा आला तेव्हा हवा आत घेणारी तोंडं बदललेली, शेपटाचे पंख छाटलेले, नाकाखाली नवा डोळा, म्हणजे दूरचं टिपणारा कॅमेरा, बसवलेला. इंजिनं आधी रशियन घराण्याची होती, मग स्वतःची आली. सेनेत ते दाखल झाल्याचं 2017 मध्ये सांगितलं गेलं.

आणि आता फळ्यावरचं विमान. 26 डिसेंबर 2024, भरदिवसा, चेंगदूच्या वस्तीवरून. सोबतीला दोन आसनी जे-20. सरकारने घोषणा केली नाही, लोकांनी रस्त्यावरून फोटो काढले. जे-36 हे नावही लोकांनीच दिलं, अंगावरच्या 36011 या आकड्यावरून. तीन इंजिनं, दोघांना हवा पंखांखालून, मधल्याला पाठीवरून. शेपूट नाहीच. मग वळवायचं कसं? पंखांच्या टोकांशी झडपा आहेत, त्या वर-खाली उघडतात आणि एका बाजूला हवेचा अडथळा तयार करतात. शेपूट नाही म्हणून रडारला कमी दिसतं, आणि शेपूट नाही म्हणून ते जे-10पेक्षाही अवघड काठी आहे. ती तोलायची विद्या 1998 पासून त्याच गावात आहे. त्याच दिवशी शेनयांगचंही एक बिनशेपटाचं विमान दिसलं, त्यावर आज वेळ नाही.

एवढं एकच सांगतो. 2025च्या ऑक्टोबरच्या अखेरीला जे-36चा दुसरा नमुना दिसला. दहा महिन्यांत इंजिनांची धुराडी बदलली आणि मुख्य चाकांची मांडणी बदलली: आधी एकामागे एक होती, आता शेजारी शेजारी. त्याच महिन्यात आपल्या ओझरहून पहिलं तेजस मार्क-1ए उडालं, तुमच्यातले बरेच जण बघायला गेले असतील.

जे-36च्या दोन्ही नमुन्यांचे फोटो मी लॅपटॉपवर मोठे करून ठेवतो. ज्यांना चाकं नीट बघायची आहेत त्यांनी पुढे या, शाळेच्या पोरांना आधी येऊ द्या.