या चित्रात राजकारण नको

(चित्र. कॅमेरा हळूहळू जवळ.)

दोन वेगवेगळ्या खुर्च्या जोडून केलेलं अंथरूण. त्यावर मलूल पडलेलं लेकरू. शेजारी हनुवटीला हात लावून बसलेले डॉक्टर. मागे, अंधारात, आईने टेबलावर डोकं टेकलंय. बाप तिच्या खांद्यावर हात ठेवून डॉक्टरांकडे बघतोय. खिडकीतून उजाडायला लागलंय.

ल्यूक फिल्ड्स या इंग्रज चित्रकाराचं हे 'द डॉक्टर', १८९१ सालचं. त्यांचा स्वतःचा लहान मुलगा १८७७ च्या नाताळच्या सकाळी गेला. त्याच्यासाठी धडपडलेले डॉक्टर त्यांच्या मनातून गेले नाहीत.

(पोस्टर.)

आता तेच चित्र अमेरिकेत, १९४९ साली. सोबत ओळ आहे : 'या चित्रात राजकारण आणू नका.'

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना सगळ्या देशासाठी आरोग्य विमा हवा होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेला तो नको होता. संघटनेने सभासदांकडून प्रत्येकी २५ डॉलर मागितले आणि कॅलिफोर्नियातलं एक जोडपं कामाला लावलं, क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर. निवडणुकांचा प्रचार हाच दोघांचा धंदा.

त्यांनी आधी नाव बदललं. ट्रुमन म्हणायचे, राष्ट्रीय आरोग्य विमा. हे म्हणाले, 'समाजवादी वैद्यक'. रशियाशी शीतयुद्ध पेटलेलं, त्यामुळे एवढा एक शब्द पुरला. वर पत्रकात चक्क लेनिनचं एक वाक्य छापलं. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयाने शोधलं, लेनिनच्या लेखनात ते सापडलं नाही.

(पुन्हा चित्र. डॉक्टरांचा चेहरा.)

पण खरं काम केलं ते या चेहऱ्याने. हे घर गरिबाचं आहे. इथे डॉक्टरांची फी कोण देणार? चित्र बघताना हा प्रश्न मनात येतच नाही, आणि ट्रुमन नेमका तोच प्रश्न विचारत होते.

(ग्रामोफोनची तबकडी फिरते.)

१९६१. या वेळी विमा फक्त म्हाताऱ्यांपुरता मागितला होता. तबकडीवरचा आवाज सिनेनट रोनाल्ड रेगन यांचा. डॉक्टरांच्या बायका मैत्रिणींना कॉफीला बोलवायच्या, तबकडी लावायच्या आणि तिथेच खासदारांना या विम्याविरुद्ध पत्रं लिहायला सांगायच्या. मोहिमेचं नावच 'ऑपरेशन कॉफी कप'. रेगन सांगतात, हे थांबवलं नाही, तर माणसं मोकळी होती तेव्हाची अमेरिका कशी होती, हे म्हातारपणी नातवंडांना सांगत बसावं लागेल. परक्या पुढाऱ्याचं भाषण माणूस तोलून ऐकतो. शेजारणीच्या स्वयंपाकघरात, हातात कप घेऊन, कोण तोलतं?

ट्रुमन यांचा विमा बारगळला तो बारगळलाच. म्हाताऱ्यांसाठी मात्र 'मेडिकेअर' हा सरकारी विमा आला, ३० जुलै १९६५ ला. कायद्यावर सही करायला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ट्रुमन यांच्या गावी, इंडिपेंडन्सला गेले. पहिलं कार्ड ८१ वर्षांच्या ट्रुमन यांना.

(सहीचं दृश्य. निवेदन नाही.)