भर बर्फात पाळणा

आवाज जरा वाढवा. हेडफोन असतील तर लावाच.

जिप, जिप, जिप. आलं ऐकू? दोन गोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा कोरडा आवाज, आणि तो येतोय पार वरून, झाडाच्या शेंड्यातून. फिनलंडची राजधानी हेलसिंकी, तिथून तासाभरावर नूक्सिओ नावाचं जंगल आहे, तिथे उभी आहे मी. फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेनऊ, पारा उणे १८. नाकातले केस गोठतात म्हणजे नक्की काय होतं ते मला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. कॅमेऱ्याची बॅटरी इथे अर्ध्या तासात मान टाकते, त्यामुळे दुसरी बॅटरी कायम आतल्या शर्टाच्या खिशात, अंड्यासारखी उबवत ठेवायची. हे अंड्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता झूम करते. ते लाल दिसतंय ना, स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या अगदी टोकाला, फांदीला उलटं लटकलेलं? पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणाचा तरी पोपट उडून आलाय. चालणंही तसंच, चोचीने फांदी धरायची, मग एक पाय, मग दुसरा. पोपट नाहीये तो. फिंच आहे, आपल्याकडे हिवाळ्यात पाहुणा येतो त्या रोजफिंचच्या खानदानातला. वजन ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमणीपेक्षा जरा थोराड. नर विटकरी लाल, मादी शेवाळी पिवळट हिरवी, पंख दोघांचेही काळपट. नाव क्रॉसबिल.

नाव का ते आता दिसेल, थांबा, तोंड इकडे करू दे त्याला. हं. चोच बघा. वरचं टोक एकीकडे, खालचं दुसरीकडे, दोन्ही एकमेकांना ओलांडून गेलेली. कात्री नीट न मिटता अडकून बसावी तशी. पहिल्या नजरेत वाटतं बिचाऱ्याला कसली तरी दुखापत झालीय. युरोपात जुन्या काळी लोकांना याचं कारण हवं होतं, मग त्यांनी कथा रचली की येशूला सुळावर चढवलं तेव्हा हा पक्षी त्याचे खिळे उपसायला गेला, खिळे काही निघाले नाहीत, चोच मात्र वाकडी झाली आणि छाती रक्ताने लाल. जर्मनीत तर हा पक्षी पिंजऱ्यात घालून घरात टांगायचे, समजूत अशी की घरच्यांचं दुखणं तो आपल्या अंगावर घेतो. गंमत म्हणजे पिंजऱ्यात ठेवलेल्या नराची जुनी पिसं झडून नवी आली की ती लाल येतच नाहीत, पिवळट येतात, कारण लाल रंग खाण्यातून मिळतो आणि पिंजऱ्यातलं खाणं वेगळं. लोकांना वाटत असणार बघा, आमचं आजारपण घेतलं त्याने.

बरं, चोचीचं काम काय ते सांगते. स्प्रूसच्या झाडाला ती लाकडी फळं लोंबतात ना, त्यांना शाळेत आपण शंकू म्हणायचो, तेच म्हणूया. शंकूला खवले असतात, कौलं रचल्यासारखे एकावर एक घट्ट, आणि प्रत्येक खवल्याच्या मुळाशी दोन बिया. बी कसली, तिळाएवढी, तिला एक पातळ पंख. शरद ऋतूत बी तयार होते पण झाड ती सोडत नाही, वसंत येऊन ऊन कोरडं पडेपर्यंत खवले बंद म्हणजे बंद. मी एक बंद शंकू घरी आणला होता, बर्फातून उचललेला, ओला, दगडासारखा. रात्री रेडिएटरवर ठेवला आणि झोपले. मध्यरात्री टिक, टिक, आवाज यायला लागला, उठून दिवा लावला तर शंकू फुलासारखा उघडत होता आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर बियाच बिया. म्हणजे सामान होतं सगळं आत, फक्त दुकान बंद होतं.

तर हा पक्षी बंद दुकानाचं शटर उचलणारा आहे. आपला अडकित्ता कसा मिटताना काम करतो, सुपारी मधे आली की कट्. ही चोच बरोबर उलटी, ती उघडताना काम करते. दोन खवल्यांच्या फटीत टोकं खुपसायची, मग खालचा जबडा बाजूला सरकवायचा, हो, बाजूला, वरखाली नाही, की खवला उचलला जातो, लगेच जीभ आत, बी बाहेर. मग चोचीतच तिचा पंख आणि साल काढायची आणि गिळायची. स्लो मोशनमध्ये दाखवते, कारण साध्या स्पीडला फक्त मान हलताना दिसते. शंकू एका पायाने फांदीवर दाबून धरलाय बघा. कोणत्या पायाने धरायचा हेही चोच कुठे वळलीय त्यावर ठरतं. काहींची खालची चोच डावीकडे जाते, काहींची उजवीकडे, म्हणजे यांच्यातही डावरे आणि उजवे.

हे सगळं खरंच त्या वाकड्या टोकांमुळे होतं का, असा प्रश्न क्रेग बेंकमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला पडला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने काय करावं, तर नेलकटर घेतलं आणि पाळलेल्या क्रॉसबिलांच्या चोचीची ओलांडणारी टोकं कापली. घाबरू नका, नखासारखंच असतं ते, परत वाढतं. टोकं गेल्यावर उघड्या शंकूतल्या बिया त्यांना आधीसारख्याच काढता येत होत्या, बंद शंकू आला की मात्र हात टेकले. मग टोकं जसजशी वाढली तसतसं जमायला लागलं. १९९१ साली हे छापून आलं. मला हा प्रयोग फार आवडतो, लाखो रुपयांचं मशीन नाही काही नाही, एक नेलकटर.

आता मूळ मुद्द्यावर येते, थंडी. इथे डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड असतो. किडे नाहीत, फळं संपलेली, बहुतेक पक्षी कधीच दक्षिणेला गेले. क्रॉसबिलला मात्र झाडावर लटकलेलं कोठार आहे आणि कोठाराची किल्ली चोचीत आहे. याचाच एक भाऊ आहे, पंखावर पांढरे पट्टे असलेला, तो दिवसाला ३००० पर्यंत बिया खाऊ शकतो. सहा तासांच्या उजेडाने भागून बघा, दर सात सेकंदाला एक बी, चहाला सुट्टी नाही. संध्याकाळी गळ्यातली पिशवी बियांनी भरून घ्यायची आणि सोळा-अठरा तासांची रात्र तेवढ्या डब्यावर काढायची. बिया सुक्या, त्यामुळे तहान भरपूर लागते, मग बर्फ खातात. त्या रस्त्याच्या कडेला दिसतायत ना सातआठ जण, ते मीठ आणि बारीक खडी टिपायला उतरलेत. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याची यांना चटक, आणि गाडी येते तेव्हा उठायला उशीर करतात. मागच्या वळणावर आम्हाला एक मादी मेलेली मिळाली. तो शॉट ठेवला नाही मी.

एवढ्यावर थांबला असता तर म्हणाले असते, चिवट पक्षी आहे, ठीक आहे. पण हा याच दिवसांत संसार थाटतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. बाकीच्या पक्ष्यांचं पंचांग सूर्याचं, दिवस मोठा झाला, अळ्या निघाल्या की घरटं. याचं पंचांग शंकूचं. शंकू भरगच्च असतील तर मुहूर्त चांगला, मग बाहेर पारा शून्याखाली वीस का असेना. शरदात पिसं बदलायचा काळ सोडला तर वर्षात जवळपास कधीही घरटं करताना लोकांनी यांना पाहिलंय.

घरटं दाट स्प्रूसमध्ये, वर फांद्यांचं छप्पर येईल असं. बाहेर काटक्या, आत शेवाळ, दगडफूल, पिसं, केस, जे मऊ मिळेल ते. चिऊचं घर मेणाचं असेल तर याचं रजईचं. तीन-चार अंडी. आणि पहिलं अंडं पडल्या पडल्या मादी जी बसते ती बसते. उठायची सोयच नाही, उठली की अंडी गोठली. साधारण दोन आठवडे ती तिथे आणि तिचं सगळं दाणापाणी नराकडे. तो येतो, पिशवीतला बियांचा लगदा तिला भरवतो, परत जातो. पिल्लं निघाली तरी पहिले काही दिवस तेच, कारण पिल्लं उघडी, अंगावर नावापुरती लव. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर सोडत नाहीत तशातली गत, फक्त इथे घर म्हणजे वाटीएवढी जागा आणि छतावर बर्फ.

पुढे बाईलाही खाणं आणायला बाहेर पडावं लागतं, एकट्याने कुठवर पुरणार. तेव्हा पिल्लं गार पडतात, सुस्त होतात, हालचाल जवळपास बंद. आई परत येऊन बसली की ऊब लागून परत चोची वर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, दोनदा वाचलं.

घरट्याचे क्लोजअप या व्हिडिओत नाहीयेत. मुद्दाम नाहीत. आम्हाला एक घरटं सापडलं होतं, लांबून टेलिस्कोपमधून मादीची शेपटी आणि तिच्यावर पडलेला बर्फ दिसत होता, पण जवळ जाऊन तिला उठवलं असतं तर त्या थंडीत काय झालं असतं ते तुम्हीच बघा. तर शेपटी बघून घ्या. ती काळी रेघ. हो, तेवढीच.

पिल्लांची अजून एक भानगड, जन्मतात तेव्हा चोच सरळ असते! कुठल्याही चिमणीच्या पिल्लासारखी. घरटं सोडल्यावर हळूहळू टोकं वळायला लागतात आणि तोपर्यंत शंकू उघडता येत नाही, त्यामुळे उडता येतंय, अंगाने आईबापाएवढी झालीत, तरी मागे मागे फिरून भरवून घेतात. हा मार्चअखेरचा शॉट आहे. करड्या रेघांचं ते पिल्लू त्या शंकूला चोच लावतंय, घसरतेय, परत लावतंय, मग बापाकडे बघून पंख फडफडवायला लागलं. बाप आधी दुर्लक्ष करतो. मग देतो.

खाली जमिनीवर बघितलंत तर कोण जेवून गेलं ते कळतं. माझ्या ऑफिसमधल्या एका फिनिश मित्राने हे शिकवलं. हा शंकू पार कुरतडलेला, नुसता दांडा राहिलाय, ही खार. हा सालीच्या फटीत पाचरीसारखा ठोकून बसवलाय आणि पिंजलाय, हा सुतारपक्षी. आणि हा, अख्खा आहे पण खवले उसवल्यासारखे, काही उभे चिरलेले, हा आपला क्रॉसबिल. हे लोक अर्धामुर्धा खाऊन टाकून देतात, उरलेलं नंतर खार खाली येऊन संपवते. फिनिशमध्ये याला म्हणतात कॅप्यूलिंतू. कॅप्यू म्हणजे शंकू, लिंतू म्हणजे पक्षी. शंकूपक्षी. इंग्रजांना चोच दिसली, यांना जेवण दिसलं.

आणि शंकू बदलला की पक्षीही बदलतो. इथे उत्तरेत पाईनचे जाड शंकू फोडणारा मोठ्या जबड्याचा एक क्रॉसबिल आहे, स्प्रूसवरचा हा मधला, लार्चवरचा तो पांढऱ्या पट्ट्यांचा बारीक चोचीचा. अमेरिकेत तर आणखी कहर, दिसायला सगळे सारखेच, पण जिप जिप वेगवेगळं! दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात तसं, एकेका बोलीचा थवा, त्यांच्या चोचीचं माप किंचित वेगळं, आवडीचं झाड वेगळं. त्यातला आयडाहो राज्यातल्या दोन छोट्या डोंगररांगांमधला तर २०१७ मध्ये वेगळी जात ठरला. तिथे खारी नाहीत, त्यामुळे तिथल्या पाईनच्या झाडांची पिढ्यान् पिढ्या झुंज फक्त क्रॉसबिलशी, झाड खवले जाड करतं, पक्षी चोच जाड करतो. त्याचं शास्त्रीय नावच लोक्सिआ सिनेस्कियुरिस, म्हणजे खारींविना. तो फारसा कुठे जात नाही, बहुतेक तिथेच असतो.

बाकीचे मात्र विंचवाचं बिऱ्हाड. स्प्रूसला दरवर्षी सारखे शंकू येत नाहीत, एखादं वर्ष झाड वाकेल एवढे, मग दोन-तीन वर्षं नावाला. ज्या वर्षी पिल्लं भरपूर झाली आणि पुढचं पीक बुडालं, त्या वर्षी जून-जुलैपासून थवेच्या थवे निघतात, शंकू शोधत, हजारो किलोमीटर. सन १२५१ मध्ये असाच एक लोंढा इंग्लंडात पोचला होता. मॅथ्यू पॅरिस नावाच्या मठातल्या साधूने लिहून ठेवलंय की वाकड्या चोचीचे, कुणी कधी न पाहिलेले पक्षी बागांमध्ये आले आणि सफरचंदं चिरून आतल्या फक्त बिया खाऊन गेले. बागवाल्यांचं काय झालं असेल ते सोडा, मला त्या पक्ष्यांचं नवल वाटतं, सफरचंद दिसल्यावरही डोक्यात शंकूच.

आपल्या देशातही आहे बरं का हा, हिमालयात, हिमाचलपासून पूर्वेला सिक्कीमकडे, उंचावरच्या सूचिपर्णी जंगलात. ट्रेकला गेलात आणि डोक्यावर जिप जिप झालं तर खाली मोबाईलमध्ये बघत बसू नका. सह्याद्रीत नाही, कारण खायला काय घालणार आपण त्याला.

जूनमध्ये आम्ही परत त्याच जागी गेलो. शंकू सगळे उघडलेले, रिकामे, डास मात्र मरणाचे. रात्री दहाला लख्ख ऊन. दोन तास काहीच नाही, मी ट्रायपॉड मिटला, कॅमेरा बॅगेत टाकला, चेन लावली, आणि तेव्हा वरून थवा गेला. पन्नास असतील, साठ असतील. पूर्वेकडे, रशियाच्या दिशेने. शॉट नाहीये. माइक तेवढा चुकून चालू राहिला होता, तर पडदा काळा ठेवते आणि ते चाळीस सेकंद तसेच लावते.

जिप. जिप, जिप.