उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं?

नमस्कार. टेबलावरची ही पितळी पिकदाणी बघून पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली आहे, तेव्हा आधी तिचाच खुलासा करतो. ही माझ्या आजोबांची. ते पान खायचे. ते गेल्यावर ती कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. वाइन चाखताना घोट थुंकायचा असतो हे मला पन्नाशीत कळलं, आणि चारचौघांत थुंकायला शोभेल असं भांडं घरात शोधलं तेव्हा हीच हाती लागली. सहा वाइन ओळीनं चाखायच्या आणि सगळ्या गिळायच्या, तर चौथीपासून आपण बोलत नाही, वाइन बोलते. गंमत म्हणजे पिकदाणी घासायला आता चिंच लागत नाही. चिंचेत जे टार्टरिक आम्ल असतं तेच द्राक्षात असतं. पितळ आपोआप उजळतं.

मला विषय दिला आहे ‘घरच्या तळघरातली वाइन’. माझ्याकडे तळघर नाही. नाशिकमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, पश्चिमेच्या उन्हाचा. जुन्या वाड्यांत धान्याला बळद असायची, पेव असायचं; तसं काही असतं तर आजचं भाषण वेगळं झालं असतं. युरोपात जमिनीखालच्या खोलीत बारा-तेरा अंश बारा महिने फुकट मिळतात. आपल्याला ते वीजबिल भरून विकत घ्यावे लागतात. माझं तळघर म्हणजे जुन्या बाजारातून आणलेला वाइनचा छोटा फ्रिज, चौदा अंशांवर लावलेला. आणि एक माळा. माळ्याची गोष्ट पुढे येणार आहे.

इथे बरेच द्राक्षबागायतदार बसले आहेत, त्यांना छाटणीबद्दल सांगणं हा आगाऊपणा होईल. बाकीच्यांसाठी एवढंच, की आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा ओसरताना फळछाटणी. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. फ्रान्समध्ये ती उतरतात सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे लेबलवर दोन्हीकडे 2016 छापलेलं असलं तरी आपली वाइन सात-आठ महिन्यांनी मोठी. आणि जन्मल्या जन्मल्या तिच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं? नाशिकचा एप्रिल-मे. वाइनरीत तिला थंड टाकीत सांभाळतात. मग ती दुकानात जाते, टेम्पोत जाते, आपल्या डिकीत जाते. आपल्याकडे 1999 मध्ये सुला ही वाइन कंपनी स्थापन झाली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, वाइन करणं आपण भराभर शिकलो. ठेवणं मात्र शिकायचं राहिलं. लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणारे आपण वाइन मात्र शोकेसमध्ये दिव्याखाली उभी करतो.

आता माळा. डिसेंबर 2017 मध्ये मी एकाच शिराझच्या, म्हणजे शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांच्या लाल वाइनच्या, बारा बाटल्या घेतल्या, एकाच खोक्यातल्या. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात वाइनरीचा काडीचाही दोष नाही. सहा फ्रिजमध्ये ठेवल्या, सहा माळ्यावर. दर डिसेंबरला दोन्हीकडची एकेक उघडायची असं ठरवलं. बायको म्हणाली, सहा हकनाक मरणार. मी म्हटलं, प्रयोग आहे. ती म्हणाली, प्रयोग उंदरांवर करतात.

पण चाखायचं कसं? समोर बाटली दिसली की माणूस बाटलीच चाखतो. 2001 साली बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, तिच्यात वासहीन लाल रंग मिसळून. पोरांनी तिच्या वर्णनात लाल वाइनचे शब्द लिहिले. शिकलेली नाकं ती. डोळ्यानं सांगितलं आणि नाकानं मान डोलावली. म्हणून आमच्याकडे बायको स्वयंपाकघरात ओतते आणि तीन ग्लास बाहेर आणते. दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता, एवढंच ओळखायचं. नुसत्या नशिबानंही तीनात एकदा बरोबर येतं, त्यामुळे एकदा जमलं म्हणून कॉलर ताठ करायची नाही, ग्लास बदलून पुन्हा बसायचं. ग्लास तिन्ही सारखे हवेत, तोंडाशी निमुळते, आणि एक तृतीयांशसुद्धा भरायचे नाहीत. घरची अडचण वेगळीच असते, ती कुठल्या पुस्तकात नाही: देवघरातली उदबत्ती, शेजाऱ्यांची लसणाची फोडणी. सकाळी मिसळ हाणून दुपारी चाखायला बसलात तर ती वाइनची परीक्षा नाही, मिसळीची. तिखटानं भाजलेल्या जिभेला अल्कोहोल आणखी भाजतं.

आणखी एक. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात, ती खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. आपल्या खोलीत ती कोमट काढा लागते. अर्धा तास साध्या फ्रिजमध्ये ठेवा, बिनधास्त.

डिसेंबर 2018. तीन ग्लास. मी चुकलो. पुन्हा चाखलं, पुन्हा चुकलो. वहीत लिहिलं आहे: ‘जांभूळ, तुरट, काळा चहा. फरक नाही.’ बायकोनं मात्र एका ग्लासाला नाक लावून सांगितलं, याला मिरीचा वास आहे, त्या दोनांना कमी. मला मिरी कुठेच सापडेना. वाटलं, ती चेष्टा करतेय. पुढे वाचनात आलं की शिराझमधला मिरीचा वास ज्या द्रव्यामुळे येतो, त्याचं नाव रोटंडोन, आणि काळ्या मिरीत तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते 2008 मध्ये दाखवून दिलं. त्यांच्या चाखणाऱ्यांपैकी साधारण पाचांत एकाला ते अजिबात येत नव्हतं, कितीही वाढवलं तरी. तो पाचवा मी. तीस वर्षांच्या संसारात बायकोचं म्हणणं खरं असल्याचा एवढा लेखी पुरावा पहिल्यांदाच मिळाला. तेव्हापासून मी एकट्यानं वाइन तपासत नाही. घरात दुसरं नाक हवंच, आणि दोघांनी आधी लिहायचं, मग बोलायचं. एकानं ‘करवंद’ म्हटलं की दुसऱ्याला करवंदच दिसायला लागतात.

करवंदावरून आठवलं. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातल्या अॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाइनच्या वासांचं चक्र केलं, फार उपयोगी आहे ते. पण त्यातली ब्लॅककरंट तुमच्यापैकी किती जणांनी झाडावरून तोडून खाल्ली आहे? मग वहीत तो शब्द कशाला लिहायचा? नाशिकची सोव्हिन्यों ब्लांक, ही एक पांढरी वाइन, उघडा, पेरू येतो, कधी चिरलेली ढोबळी मिरची येते. ढोबळीचा तो वास केवळ उपमा नाही बरं का, त्याला कारण असलेलं द्रव्य दोन्हींत एकाच घराण्यातलं आहे. आपल्या नाकाला ओळखीचे शब्द वापरा, म्हणजे पुढच्या वर्षी वही उघडली की वास परत आठवेल. वहीचं कामच ते.

डिसेंबर 2019. या वेळी वेगळा ग्लास बरोबर ओळखला, दोन्हीदा. आणि आवडला कोणता? माळ्यावरचा. हे मी लपवणार नाही. तुरटपणा मऊ झाला होता, सुकामेव्याची छटा आली होती. मी खूश. वाटलं, फ्रिजवर उगाच पैसे घातले, उष्णतेनं दोन वर्षांत सहा वर्षांचं काम केलं. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहेच, दहा अंश वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट. पण सगळ्या क्रिया सारख्या पळत नाहीत. ज्यांनी वाइन पिकते त्या आणि ज्यांनी ती नासते त्या, दोन्ही पळतात, वेगवेगळ्या चालीनं. पाडाला आलेला आंबा आणि कार्बाइडनं पिवळा केलेला आंबा, रंग सारखाच असतो.

त्यात मेमध्ये दुपारी माळा तापतो, पहाटे जरा निवतो. वाइन फुगते, आकसते. फुगली की बुचाला ढकलते, आकसली की कडेनं हवा ओढते. डिसेंबर 2020 मध्ये माळ्यावरची बाटली उतरवली तेव्हा वरचं आवरण कापण्याआधीच बोटाला कळलं: बुच जरासं वर आलेलं, कडेला चिकट काळपट ओघळ. बाटली उजेडाकडे धरली, वाइनची पातळी फ्रिजमधल्या बहिणीपेक्षा बोटभर खाली. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका केला. फ्रिजमधलीची कड जांभळट लाल, हिची विटकरी, अगदी कडेला चहासारखी. वास खजूर, काकवी, शिळं सफरचंद. तोंडात गोडसर भास आणि मग काहीच नाही. शेवट गायब. वहीत मी लिहिलं, ‘मेली.’ बायकोनं लिहिलं, ‘मारली.’

आता आजचा माझा मुद्दा हाच आहे. स्पर्धेतला परीक्षक गुण देतो. डेव्हिसची वीस गुणांची पद्धत आहे, अमेरिकी वाइन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी रुळवलेली शंभरांची आहे. गुण दिले, ग्लास गेला, परीक्षकाचा त्या वाइनशी संबंध संपला. आपला संपत नाही. आपल्याकडे तिच्या बहिणी उरलेल्या असतात. घरच्या वाइनला 87 की 89 याला काही अर्थ नाही. घरी प्रश्न एकच असतो, उरलेल्यांचं काय करायचं. आज रात्री उघडायच्या, की दोन वर्षं हात लावायचा नाही? त्यामुळे मी चव लिहिताना ‘छान’ लिहीतच नाही. तुरटपणा किती उरला, फळ किती उरलं, आंबटपणा ताठ आहे का, एवढं लिहितो. तुरटपणा भरपूर आणि फळही भरपूर, तर थांबा. फळ विझत चाललंय आणि तुरटपणा तसाच, तर थांबून काही होणार नाही, ती फक्त म्हातारी होईल.

आणि दोष कोणाचा, हे पाहायला विसरू नका, कारण निर्णय त्यावर ठरतो. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळ दबलेलं वाटलं, तर बहुधा ते टीसीए आहे, खराब बुचातून वाइनमध्ये उतरणारं द्रव्य. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. त्या एका बुचाचं नशीब, पुढची बाटली उत्तम निघू शकते. नेलपॉलिश रिमूव्हर आलं, तर ती आधीच व्हिनेगरच्या वाटेला लागलेली. पण खजूर-काकवी आली, तर कपाट तपासा. सगळ्याच बहिणी आजारी असणार.

असणार, असं मी म्हटलं खरं. जानेवारी 2021 मध्ये माळ्यावरच्या उरलेल्या तिन्ही एकदम उघडल्या, आता ठेवण्यात हशील नाही म्हणून. दोन तशाच गेलेल्या. तिसरी चक्क पिण्यासारखी होती. का? तिचं बुच घट्ट, सरळ, कोरडं होतं. बुच हे झाडाची साल आहे शेवटी, दोन सारखी नसतात. जुन्या वाइनबद्दल ठाम बोलणाऱ्या माणसाला मी विचारतो, तुम्ही नेमकी कोणती बाटली चाखली होती?

फ्रिजमधल्या तीन राहिल्या. एक 2021 मध्ये उघडली, तुरट होती अजून, वहीत लिहिलं, ‘दोन वर्षं थांबा.’ 2023 ची सुरेख निघाली. बायकोच्या पानावर मिरी आहे, माझ्या पानावर चामडं आणि सुकं करवंद. खाली दोघांनी लिहिलंय, ‘शेवटची लवकर उघडा.’ ती काही लवकर उघडली गेली नाही. आज आणली आहे. सकाळपासून उभी ठेवली होती, गाळ खाली बसावा म्हणून, त्यामुळे बाटली कोणी हलवू नका.

बुच काढतोय. हे पाहा, खालच्या टोकालाच लाल आहे, वरपर्यंत भिजलेलं नाही. परवाने संयोजकांनी आधीच पाहिले आहेत. एका बाटलीत वीसएक जणांना दोन घोट येतील, बाकीच्यांनी नुसता वास घ्या. कागद वाटलेत, शेजाऱ्याच्या कागदात डोकावायचं नाही. पिकदाणी इकडून तिकडे फिरेल. आणि मिरी आहे का ते मला विचारू नका, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.