भिंतीनं पोट काढल्यावर

मंडळी, बाळीवेशीपासून शुक्रवार पेठेपर्यंत आपल्या सोलापुरात माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं अजून पुष्कळ आहेत. माळवद गळायला लागलं की वर पांढरी माती टाकायची, ही आपली पिढीजात रीत. खालची माती मात्र कुणी काढत नाही. एक फूट जाडीची माती म्हणजे चौरस मीटरला साधारण अर्धा टन. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच टनांहून जास्त ओझं! आणि ते पेलणारी भिंत कशी? बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीत. पाणी मुरलं की बाहेरचा थर सुटतो, भिंत पोट काढते, म्हणजे बाहेर फुगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसं अशाच भिंतींखाली आणि माळवदाखाली दबली.

अशी भिंत दिसली की जॅक लावून तिला मागं ढकलायचा मोह होतो. कृपा करून ते करू नका. आतला थर जागेवर असतो, बाहेरचा ढासळतो. टेकूचं काम भार घेण्याचं. भिंत सरळ करणं त्याचं काम नव्हे.

आधी आतून सुरुवात करा. भिंतीलगत तुळयांखाली आडवं लाकूड आणि त्याखाली उभ्या बल्ल्या (लाकडी खांब), म्हणजे माळवदाचं ओझं भिंतीवरून उतरतं. मग बाहेरून तिरपे टेकू. त्यांचा जमिनीशी कोन 60 ते 75 अंश असावा, आणि वरचं टोक माळवद जिथं टेकतं त्या पातळीला, पोटावर नव्हे. बोळात तिरप्या टेकूला जागा नसते, तिथं समोरच्या भिंतीला आडवा टेकू देतात. पण समोरची भिंतही तपासलेली हवी. टेकू घट्ट करणाऱ्या पाचरी (निमुळते लाकडी तुकडे) दोन्ही बाजूंनी जोडीनं, हलक्या हातानं घट्ट करायच्या. घणाचे दणके नकोत. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असेल तर हादऱ्यानं पाचर ढिली होते, म्हणून तिला खिळा मारा आणि रोज हात लावून पाहा.

मला सर्वांत जास्त काळजी टेकूच्या बुडाची वाटते. शहाबादी फरशीवर बल्ली उभी केली की काम झालं, असं समजतात. सहा इंची चौरस बुडाच्या बल्लीवर एक टन आला तर खालचा दाब चौरस मीटरला 40 टनांच्या वर जातो. ओल्या काळ्या मातीला त्याचा पाव भागही झेपत नाही. फरशी काढा, मुरूम लागेपर्यंत खणा. ते जमत नसेल तर जाड, रुंद फळ्यांचा बिछाना द्या. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जूनमध्ये घट्ट बसवलेला टेकू मार्चमध्ये मोकळा पडलेला असू शकतो. न्हाणीचं पाणी तर बुडाजवळ येताच कामा नये.

भेगेवर काचेची अरुंद पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे; खोली त्याच क्षणी रिकामी करा.

टेकू काढतानाही घाई नको. भिंत दुरुस्त केल्यावर नवं बांधकाम किमान 7 दिवस पक्कं होऊ द्या. मग आतल्या बल्ल्यांच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करा, भार नव्या भिंतीवर येऊ द्या, दोन दिवस थांबा, काच पाहा. तिरपे टेकू सर्वांत शेवटी निघतील.