दिंडी पुलावर येते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पूल म्हटला की आपण ट्रक पेलेल का, एवढेच विचारतो. आज मात्र मला पायी चालणाऱ्यांच्या भाराविषयी आणि पुलाखालच्या खडकाविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी एक जुनी आठवण सांगितल्यावाचून माझे पाऊल पुढे पडणार नाही.

नाथषष्ठी जवळ आली होती. पैठणच्या वाटेवर, एका ओढ्यावरील लोखंडी पादचारी पुलाची मी पाहणी करत होतो आणि पाण्याने भरलेला माझा तांब्या पुलाच्या मधोमध ठेवलेला होता. तेवढ्यात दिंडी आली. टाळांच्या ठेक्यावर शंभरेक माणसांचे पाऊल एकदम पडत होते. आधी तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटली, मग पाणी काठावरून सांडू लागले आणि पूल खालीवर होत असल्याचे माझ्या गुडघ्यांना कळले. मी धावत वीणेकरी बाबांकडे गेलो आणि हात जोडून म्हणालो, "माउली, पूल संपेपर्यंत टाळ थांबवता का?" बाबा हसले. "पूल बी डोलाया लागला का, साहेब?" असे म्हणत त्यांनी हात वर केला. टाळ थांबले, दिंडी सुटी सुटी चालू लागली. माणसे तेवढीच, वजन तेवढेच. पण पाणी हळूहळू शांत झाले.

माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. पुलाचे स्वतःचे कंपनही सेकंदाला जवळपास तेवढ्याच वेळा होत असेल, तर प्रत्येक पाऊल हलत्या झोपाळ्याला दिलेल्या झोक्यासारखे ठरते. लंडनचा मिलेनियम पूल 10 जून 2000 रोजी खुला झाला आणि चालणाऱ्यांमुळे आडवा डोलू लागल्याने दोनच दिवसांत बंद करावा लागला. कंपन शोषणारी साधने बसवून तो 2002 मध्ये पुन्हा उघडला. आपल्याकडील पूलबांधणीच्या नियमसंहितेत पादचारी पुलासाठी दर चौरस मीटरला 500 किलो भार धरतात. पण वजन आणि ठेका, श्रोतेहो, दोन्ही पाहावे लागतात.

आता खडक. आपला काळा पाषाण हाताला कठीण लागतो, पण त्यात सांधे, म्हणजे भेगा असतात आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा मऊ पट्टा असतो, हे विहीर खणणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्या सांध्यांत पाणी साठले की त्याचा दाब खडकाला बाहेर ढकलतो. म्हणूनच पुलाच्या टोकाला काठाशी असलेल्या भिंतीत पाणी निघण्यासाठी भोके ठेवतात. उद्घाटनासाठी भिंत सुंदर दिसावी म्हणून ती भोके गिलाव्याने बुजवणाऱ्यांना, खरे सांगायचे तर, मी पुलावर पायही ठेवू देणार नाही.

त्याच ओढ्याच्या डाव्या काठावर, खडकातील एक भेग रुंदावते का हे कळावे म्हणून तिच्यावर मी काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. पावसाळा सरल्यावर पाहिले, तर पट्टी मधोमध तडकलेली होती. त्या हिवाळ्यात खडकात भोके पाडून पोलादी सळया बसवल्या आणि शेजारी नवी पट्टी चिकटवली. पुढच्या दसऱ्याला ती अखंड होती.